रक्त कमी पडतंय, हे किडनीला कसं कळतं?

किडनीच्या पेशंटच्या घरात बीट, डाळिंब आणि खजूर यांवरून एकदा तरी वादावादी होतेच. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ७.८ आलेलं असतं. गावाहून मावशीचा फोन येतो, "रोज चार खजूर देत जा, डाळिंब सोलून दे, भाजी लोखंडी कढईत कर." आणि इकडे आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या कागदावर नेमकी खजूर, बीट आणि डाळिंबावरच फुली मारलेली असते. या पदार्थांत पोटॅशियम भरपूर, आणि थकलेल्या किडनीला ते लघवीवाटे बाहेर टाकणं जमत नाही. रक्तात साठलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं, प्रसंगी जिवावर बेततं.

मावशीचं सगळंच चुकतं असं नाही. तिचा सल्ला वेगळ्या आजारासाठीचा आहे, एवढंच. आपल्याकडे रक्त कमी म्हटलं की लोह कमी हेच डोळ्यांपुढे येतं, आणि त्याला कारणही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्यामागे लोहाची कमतरता हे मोठं कारण. किडनीच्या पेशंटचं रक्त मात्र मुख्यतः दुसऱ्याच कारणाने उतरतं. रक्त तयार करायला लावणारं हार्मोनच त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. त्या हार्मोनचं नाव एरिथ्रोपोएटिन. दवाखान्यात सगळे त्याला ईपीओ म्हणतात, पेशंट म्हणतात "रक्तवाढीचं इंजेक्शन".

आता मुळापासून बघू. तांबडी रक्तपेशी सरासरी १२० दिवस जगते. तिच्यात केंद्रक नसतं, त्यामुळे झीज झाली तर दुरुस्तीची सोय नाही. म्हाताऱ्या पेशी प्लीहा आणि यकृत मोडीत काढतात आणि त्यांतलं लोह पुन्हा वापरात येतं. म्हणजे रोज जवळजवळ एक टक्का पेशी जातात आणि तेवढ्याच नव्या याव्या लागतात. हिशेब मांडला तर दर सेकंदाला वीस लाखांच्या वर. हे काम चालतं हाडांच्या आत, बोन मॅरोमध्ये. पण किती पेशी करायच्या हे बोन मॅरो स्वतः ठरवत नाही. तो निर्णय होतो कंबरेच्या वर, पाठीच्या बाजूला असलेल्या दोन किडन्यांमध्ये.

किडनीच का? रक्ताची सर्वांत जास्त काळजी मेंदूला आणि हृदयाला असायला हवी, नाही का? हा प्रश्न मला कायम आवडत आला आहे, कारण त्याचं उत्तर फार हुशारीचं आहे. दोन्ही किडन्या मिळून शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही भरत नाहीत, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्तच त्यांच्याकडे जातं. पायाच्या स्नायूने ऑक्सिजन मोजायचं ठरवलं असतं, तर जिना चढलं की त्याला टंचाई वाटली असती आणि बसलं की सुबत्ता. मागणी अशी खालीवर होत असेल तर मोजमापाला अर्थ उरत नाही. किडनीचं तसं नाही. तिचा बहुतेक ऑक्सिजन खर्च होतो गाळून आलेलं मीठ परत आत ओढून घेण्यात. रक्ताचा प्रवाह कमी झाला की गाळणं कमी होतं, मीठ ओढण्याचं काम कमी होतं आणि ऑक्सिजनचा खर्चही त्याच मापाने उतरतो. पुरवठा आणि खर्च असे हातात हात घालून चालत असल्यामुळे, प्रवाह थोडाफार बदलला तरी किडनीच्या आतला ऑक्सिजन फारसा हलत नाही. तो हलतो तो रक्तच पातळ झालं तर, म्हणजे तेवढ्याच रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या पेशी कमी पडल्या तर. रक्त दाट आहे की पातळ, हे ओळखायला याहून चांगली जागा शरीरात सापडणं अवघड.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्यायला हवी. किडनी पेशी मोजत नाही, हिमोग्लोबिनही मोजत नाही. आपल्यापर्यंत ऑक्सिजन किती पोचला एवढंच तिला कळतं. म्हणून फुप्फुसांच्या जुनाट आजारात, घोरताना श्वास अडकण्याच्या आजारात किंवा अट्टल सिगारेट ओढणाऱ्यांत हिमोग्लोबिन चांगलं भरपूर असूनही किडनी आणखी रक्त मागत राहते. अशा माणसाचा रिपोर्ट १८ वगैरे आला की घरचे खूश होतात, डॉक्टर मात्र नाहीत.

ईपीओ तयार करणाऱ्या पेशी किडनीच्या चाळणीत नसतात. चाळणीच्या पुढे ज्या बारीक नळ्या जातात, त्यांच्या मधल्या फटींत, केशवाहिन्यांना लागून त्या बसलेल्या असतात. मोठ्या माणसात सुमारे नव्वद टक्के ईपीओ तिथे तयार होतं, उरलेलं बहुतेक यकृतात. बाळ पोटात असताना मात्र हे काम यकृताचं असतं; जन्माच्या सुमाराला ते किडनीकडे जातं. या पेशी ईपीओचा साठा करून ठेवत नाहीत. गरज पडली की नव्याने तयार करायचं आणि लगेच रक्तात सोडायचं. टंचाई वाढली की प्रत्येक पेशी जास्त जोर लावते असंही नाही. कामाला लागणाऱ्या पेशींची संख्या वाढते. निरोगी माणसाच्या रक्तात ईपीओ अगदी चिमूटभर असतं, पण तीव्र रक्तक्षयात, किडनी धडधाकट असेल तर, ते शेकडो पटींनी, कधी हजार पटींपर्यंत वाढू शकतं.

आता खरी गंमत: पेशीला ऑक्सिजन कमी झाल्याचं कळतं कसं? याच उत्तरासाठी २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल अमेरिकेचे ग्रेग सेमेन्झा आणि विल्यम केलिन आणि ब्रिटनचे पीटर रॅटक्लिफ यांना विभागून मिळालं. सेमेन्झा आणि रॅटक्लिफ दोघेही ईपीओच्या जनुकाचाच पाठलाग करत तिथे पोचले होते.

तळाचं बूच काढलेली पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. वरून नळ सतत चालू आहे, पण खालून पाणी तितक्याच वेगाने वाहून जातंय, म्हणून टाकी कायम रिकामी. आता कोणी बूच बसवलं तर नळ वाढवायची गरजच नाही, टाकी लगेच भरायला लागेल. पेशीत 'हिफ' नावाचं एक प्रथिन असंच सतत तयार होत असतं आणि सतत नष्ट होत असतं. नष्ट करायला ऑक्सिजन लागतो. एक एन्झाइम ऑक्सिजन वापरून हिफवर रासायनिक खूण करतं, ती खूण दुसरं एक प्रथिन ओळखतं आणि काही मिनिटांत हिफचे तुकडे होतात. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, हिफ वाचतं, साठतं, पेशीच्या केंद्रकात जातं आणि ईपीओचं जनुक चालू करतं. वाया घालवण्याची ही पद्धत उधळपट्टीची वाटेल, पण तिच्यामुळेच प्रतिसाद इतका झटपट मिळतो. टंचाई आल्यावर हिफ बनवायला घेतलं असतं, तर वेळ गेला असता.

या एन्झाइमला काम करायला लोहाचा एक अणू लागतो. त्याच्या जागी कोबाल्ट गेला की एन्झाइम बंद पडतं आणि शरीराला वाटतं ऑक्सिजन संपला. विसाव्या शतकात डॉक्टर रक्तक्षयावर कोबाल्टची औषधं देत असत आणि हिमोग्लोबिन वाढतही असे. का वाढतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे कोबाल्टचे दुष्परिणाम पाहून तो प्रकार बंद झाला.

रक्तातून बोन मॅरोत पोचल्यावर ईपीओ काय करतं? "पेशी तयार करायला लावतं" असं आपण म्हणतो, मीही वर म्हटलं, पण प्रत्यक्षात घडतं ते थोडं वेगळं आहे. बोन मॅरोत तांबड्या पेशी होऊ पाहणाऱ्या पूर्वज पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होत असतात. त्यांतल्या बहुतेकींना एका ठरावीक टप्प्यावर ईपीओ मिळालं नाही तर त्या स्वतःहून मरून जातात. ईपीओ त्यांच्या पृष्ठभागावरच्या जागेला चिकटलं की हा मरण्याचा कार्यक्रम थांबतो. म्हणजे ईपीओ त्यांना जन्माला घालत नाही, मरू देत नाही. रक्तस्राव झाल्यावर उत्पादन इतक्या पटकन वाढतं ते यामुळेच: उमेदवार आधीपासून तयारच असतात.

तरी वेळ लागतोच. वाचलेल्या पूर्वज पेशीपासून रक्तात उतरणारी कोवळी पेशी व्हायला तीन-चार दिवस, आणि हिमोग्लोबिनचा आकडा हलायला आणखी एक-दोन आठवडे. सोमवारी इंजेक्शन घेऊन गुरुवारी तपासणी करणारे पेशंट आणि त्यांचे मुलगे यांनी हे वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

सशापासून हॅम्स्टरपर्यंत

१८९० मध्ये फ्रेंच डॉक्टर फ्रांस्वा व्हिओ पेरूमधल्या मोरोकोचा या खाणींच्या गावी गेला. उंची सुमारे साडेचार हजार मीटर. तिथे त्याने स्वतःचं रक्त तपासलं, तेव्हा तीन आठवड्यांत तांबड्या पेशींची संख्या घनमिलिमीटरला सुमारे ५० लाखांवरून ८० लाखांकडे गेलेली दिसली. विरळ हवेत रक्त दाट होतं हे कळलं, पण बोन मॅरोला ते सांगतं कोण?

१९०६ मध्ये पॅरिसमध्ये पॉल कार्नो आणि क्लोतिल्द द्फ्लांद्र यांनी एक साधा प्रयोग केला. सशाचं रक्त काढलं, मग त्याच सशाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, दुसऱ्या, निरोगी सशाला टोचलं. दुसऱ्या सशाच्या तांबड्या पेशी वाढल्या. रक्तातच काहीतरी निरोप देणारं द्रव्य आहे, असं त्यांनी मांडलं. कल्पना बरोबर होती, पण इतरांनी करून पाहिलं तेव्हा अनेकांना तो परिणाम दिसला नाही आणि कल्पना मागे पडली. रक्तात ईपीओ इतकं कमी असतं की थोड्याशा सीरमने परिणाम दिसणं कठीणच. १९५० मध्ये कर्ट राइसमन यांनी उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडल्या आणि जोडीतल्या एकालाच कमी ऑक्सिजनची हवा दिली. तांबड्या पेशींचं उत्पादन दोघांतही वाढलं. १९५३ मध्ये ॲलन अर्स्लेव्ह यांनी सशांवरच, पण खूप जास्त प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) वापरून, शंका मिटवली.

शिकागो विद्यापीठात लिऑन जेकबसन आणि युजीन गोल्डवॉसर यांनी उंदरांचे एकेक अवयव काढून पाहायला सुरुवात केली. बाकी काहीही काढलं तरी ईपीओ वाढत होतं. किडन्या काढल्या की थांबलं. हे वर्ष १९५७. जागा सापडली, आता द्रव्य शुद्ध करायचं होतं. गोल्डवॉसर यांची त्यात पुढची वीस वर्षं गेली. रक्तक्षय घडवलेल्या मेंढ्यांच्या रक्तातून ते वेगळं करायचा प्रयत्न त्यांनी वर्षानुवर्षं केला, पण हाती पुरेसं लागेना.

मार्ग निघाला तो लघवीतून. जपानच्या कुमामोतो विद्यापीठातले ताकाजी मियाके ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या पेशंटची लघवी गोळा करत होते. या आजारात बोन मॅरोच बंद पडलेला असतो. किडनीला रक्त पातळ झाल्याचं कळतं, ती ईपीओ सोडत राहते, पण ऐकणारं कोणी नसतं, आणि त्यातलं काही ईपीओ लघवीत उतरतं. मियाके यांनी २,५५० लीटर लघवी जमवली, ती आटवून सुकवली आणि ते घेऊन शिकागोला गेले. तिथे ती चाळत, गाळत, वेगळी करत शेवटी हाती आलं जेमतेम ८ मिलिग्रॅम शुद्ध ईपीओ. १९७७ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. अडीच हजार लीटर म्हणजे सोसायटीच्या गच्चीवरच्या अडीच काळ्या टाक्या. ८ मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे काही कण.

पण त्या काही कणांवरून प्रथिनाच्या साखळीतला अमिनो आम्लांचा क्रम थोडाफार कळला, आणि त्या आधारे कॅलिफोर्नियातल्या ॲमजेन कंपनीत फू-कुएन लिन यांनी १९८३ मध्ये मानवी ईपीओचं जनुक शोधून काढलं. मग ते चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातल्या पेशींत घातलं. जिवाणूंत का नाही? कारण ईपीओच्या वजनात जवळजवळ चाळीस टक्के शर्करा असते, प्रथिनाला चिकटलेल्या साखळ्यांच्या रूपात, आणि त्या चिकटवण्याचं काम साध्या जिवाणूला जमत नाही. शर्करा नसलेलं ईपीओ रक्तात फार टिकत नाही. ही शर्करा पुढे खेळाडूंना नडली, तिकडे येतोच.

सिएटलमध्ये जोसेफ एशबाख आणि जॉन ॲडमसन यांनी डायलिसिसच्या पेशंटना हे ईपीओ द्यायला सुरुवात केली आणि जानेवारी १९८७ मध्ये निष्कर्ष छापले. त्याआधी या पेशंटना दर काही आठवड्यांनी रक्ताची बाटली चढवावी लागे. त्यातून कावीळ, शरीरात साठत जाणारं लोह, आणि परक्या रक्ताविरुद्ध तयार होणारी अँटिबॉडी, जिच्यामुळे पुढे जुळणारी किडनी मिळणंच अवघड होतं. ईपीओ सुरू झाल्यावर रक्त चढवण्याची गरज जवळपास संपली. जून १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. पुढे त्यावर अब्जावधी डॉलरचा व्यवसाय उभा राहिला. गोल्डवॉसर यांच्या नावावर त्याचं पेटंट नव्हतं.

डायलिसिसच्या खुर्चीपाशी

डायलिसिस युनिटमध्ये औषधांचा एक छोटा फ्रिज असतो. त्यात २ ते ८ अंशांत ईपीओच्या भरलेल्या सिरिंज ठेवलेल्या असतात, कोणावर ४,००० युनिट लिहिलेलं, कोणावर १०,०००. सिस्टर ती काढते, थोडी हातात धरून थंडी मोडू देते आणि मशिनच्या नळीतून किंवा दंडात, पोटावर कातडीखाली टोचते. सिरिंज हलवायची नाही, जोरात तर नाहीच, प्रथिन बिघडतं. गोठलं तरी वाया. घरी इंजेक्शन नेणारे लोक ते बर्फाच्या पिशवीला अगदी चिकटवून नेतात किंवा "थंडच हवं ना" म्हणून फ्रीजरमध्ये ठेवतात. महागाचं औषध असं फुकट जाऊ नये. फ्रिजच्या दारातही ठेवू नका, दार सारखं उघडतं.

साधं ईपीओ आठवड्याला दोन-तीनदा लागतं. डार्बेपोएटिन नावाच्या सुधारित प्रकाराला शर्करेच्या दोन जादा साखळ्या जोडलेल्या असल्यामुळे ते रक्तात जास्त टिकतं, म्हणून आठवड्याने किंवा पंधरा दिवसांनी पुरतं.

"इतकी इंजेक्शनं झाली तरी हिमोग्लोबिन नऊच्या वर जात नाही," ही तक्रार नेहमीची. ईपीओ फक्त पूर्वज पेशींना वाचवतं. त्या पेशींत हिमोग्लोबिन भरायला लोह लागतं. डायलिसिसमध्ये दर वेळी थोडं रक्त नळ्यांत आणि गाळणीत राहून जातं, तपासण्यांसाठीही जातं, असं करत वर्षाला एक ते तीन ग्रॅम लोह बाहेर पडतं. शरीरात सगळं मिळून लोह असतंच चार ग्रॅमच्या आसपास. त्यात किडनीच्या आजारात हेप्सिडिन नावाचं यकृतातून येणारं हार्मोन वाढतं आणि ते आतड्यातून लोह आत येऊच देत नाही. गोळ्या पोटात जातात आणि बहुतांशी तशाच बाहेर पडतात. म्हणून डायलिसिस चालू असताना आयर्न सुक्रोज हे लोहाचं औषध शिरेतून देतात. लोहाची पातळी, म्हणजे फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, बघितल्याशिवाय नुसता ईपीओचा डोस वाढवत नेणं हा पैशांचा आणि पेशंटचा अपव्यय आहे. याशिवाय कॅथेटरला (डायलिसिससाठी शिरेत बसवलेल्या नळीला) लागलेला जंतुसंसर्ग, दबून असलेला टीबी, अपुरं डायलिसिस, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा त्रास, शाकाहारी पेशंटमध्ये बी-१२ ची कमतरता, यांतलं काहीही ईपीओचा परिणाम अडवू शकतं. डॉक्टर छातीचा एक्स-रे काढायला सांगतात ते उगाच नाही.

उलट बाजूचा मोह जास्त धोक्याचा. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन १४ असतं, मग पेशंटचंही १४ का नको? नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही अनेक तज्ज्ञांना असंच वाटत होतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत एका गटाचं लक्ष्य १३.५ आणि दुसऱ्याचं ११.३ ठेवलं. वरच्या लक्ष्याच्या गटात मृत्यू आणि हृदयविकाराच्या घटना जास्त निघाल्या. २००९ मध्ये मधुमेह आणि किडनीचा आजार असलेल्या सुमारे चार हजार जणांवरच्या चाचणीत १३ पर्यंत नेलेल्या गटात पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं. दाट रक्त, वाढणारा रक्तदाब, गुठळ्या होण्याची प्रवृत्ती आणि बहुधा औषधाचा मोठा डोस, असं सगळं त्यामागे असावं. आज डॉक्टर साधारण १० ते ११.५ वर समाधान मानतात आणि दोन आठवड्यांत एक ग्रॅमपेक्षा जास्त उडी दिसली तर डोस कमी करतात. "अजून थोडं वाढवा ना" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. इंजेक्शननंतर डोकं दुखतंय, बीपी वाढलंय, हे मात्र लगेच सांगावं.

सायकली आणि शिखरं

रक्त दाट करणारं औषध म्हटल्यावर सहनशक्तीच्या खेळांतले लोक मागे राहतील हे शक्यच नव्हतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९९० मध्ये ईपीओवर बंदी घातली, पण पकडायची चाचणीच नव्हती. सायकलिंगच्या संघटनेने १९९७ पासून हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ५० टक्क्यांच्या वर गेला तर शर्यतीला मज्जाव असा नियम केला. काहींनी याचा अर्थ ४९ पर्यंत चालतं असा घेतला. १९९८ च्या टूर द फ्रान्सच्या तोंडावर फेस्टिना संघाची औषधांनी भरलेली गाडी सीमेवर पकडली गेली आणि सगळा मामला उघड्यावर आला. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपर्यंत लघवीची चाचणी तयार झाली, ती शर्करेमुळे. हॅम्स्टरच्या पेशी ईपीओवर ज्या शर्करा चढवतात त्या माणसाच्या किडनीतल्यापेक्षा थोड्या वेगळ्या असतात, त्यामुळे रेणूचा विद्युतभार वेगळा पडतो आणि दोन्ही ओळखता येतात. लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेण्यात आली, पुढच्या जानेवारीत त्याने टीव्हीवर ईपीओ घेतल्याची कबुली दिली.

दुसऱ्या टोकाला फिनलंडचा स्कीपटू एरो मॅन्टुरांटा. साठच्या दशकात त्याने ऑलिम्पिकची सात पदकं मिळवली आणि त्याच्या दाट रक्ताबद्दल कुजबुज चालत राहिली. १९९३ मध्ये त्याच्या कुटुंबाची तपासणी झाली तेव्हा त्यांच्यात ईपीओ पकडणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकातच बदल सापडला: थोड्याशा ईपीओवरही त्यांचा बोन मॅरो जोरात चालत असे. जन्मजात मिळालेलं असं रक्त नियमात बसतं की नाही, यावर माझं मत ठाम नाही.

लेह-लडाखला जाणाऱ्या आपल्या लोकांना एक गैरसमज असतो, की तिथे पोचल्यावर दोन दिवस विश्रांती घेतली की रक्त वाढतं आणि मग त्रास होत नाही. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे उतरल्यावर काही तासांत ईपीओ वाढायला लागतं हे खरं, पण पेशी वाढायला आठवडे लागतात, तोवर तुम्ही पुण्याला परत आलेले असता. पहिल्या दोन दिवसांत जुळवून घेतं ते मुख्यतः तुमचं श्वसन. हिमोग्लोबिन जरा वाढलेलं दिसलंच, तर रक्तातलं पाणी कमी झाल्यामुळे. विश्रांती मात्र घ्याच.

पिढ्यानपिढ्या उंचावर राहणाऱ्यांत दोन तऱ्हा दिसतात. अँडीज पर्वतातल्या लोकांचं रक्त दाट होतं, काहींचं इतकं की तोच आजार होऊन बसतो. तिबेटी लोकांचं हिमोग्लोबिन तितकं चढत नाही. त्यांच्यात हिफच्या एका प्रकाराचं जनुक वेगळ्या रूपात आहे, आणि ते डेनिसोव्हन या लुप्त मानवसमूहाकडून आलेलं असल्याचं २०१४ मध्ये दाखवून दिलं गेलं. चिकट रक्त पंप करत बसण्यापेक्षा हा मार्ग बरा, असं म्हणायला हरकत नाही.

गोळ्या आल्या

बूच बसवून टाकी भरायची ती युक्ती आता औषधातही उतरली आहे. हिफवर खूण करणारं एन्झाइम अडवणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. चीनमध्ये २०१८ मध्ये रोक्साडुस्टॅटला परवानगी मिळाली. भारतात अहमदाबादच्या झायडस कंपनीने शोधलेल्या डेसिडुस्टॅटला मार्च २०२२ मध्ये. या गोळ्यांनी एक गोष्ट लख्ख दाखवली. किडनी निकामी झाली म्हणजे ईपीओ करणाऱ्या पेशी सगळ्या मेल्या, असं आपण समजत होतो. प्रत्यक्षात त्यांतल्या पुष्कळ पेशी जिवंत असतात, फक्त भोवती व्रण भरत गेल्याने त्यांचं हे काम थांबलेलं असतं. हिफ वाढवलं की त्या, आणि सोबत यकृतही, पुन्हा ईपीओ सोडतात. शिवाय लोह शोषण्यातला अडथळाही काही प्रमाणात कमी होतो. इंजेक्शन आणि फ्रिज यांतून सुटका ही मोठी सोय आहे, खेड्यातल्या पेशंटला तर फारच. पण हिफ शरीरात इतर बरीच जनुकं हलवतं, नव्या रक्तवाहिन्या वाढवणारीसुद्धा. म्हणून कॅन्सर झालेल्यांत, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असलेल्या मधुमेहींत आणि गुठळ्यांचा इतिहास असलेल्यांत डॉक्टर सांभाळून पाऊल टाकतात. मेडिकलमधून स्वतःच आणून घ्यायची ही गोळी नव्हे.

किडनी बदलली तर काय होतं? रोपण केलेली किडनी नीट चालायला लागली की ईपीओही सोडू लागते, हिमोग्लोबिन पुढच्या काही महिन्यांत आपसूक चढतं आणि इंजेक्शन बंद होतं. काही पेशंटमध्ये ते थांबतच नाही: १७, १८, त्याच्याही वर. हे बहुधा पहिल्या दोन वर्षांत घडतं. मग बीपीच्याच एका प्रकारच्या गोळ्या देऊन ते खाली आणतात, कारण त्या गोळ्यांनी तांबड्या पेशींचं उत्पादन थोडं मंदावतं. तेवढ्याने भागलं नाही तर, वर्षापूर्वी ज्याला रक्ताची बाटली चढवत होते, त्याच माणसाच्या हातातून बाटलीभर रक्त काढून टाकतात.